बॅटरी बदलण्याआधी करंट कुठे जातो ते मोजा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबरची थंडी पडली की आमच्या नागपुरात सकाळी प्रत्येक वस्तीत एखादी तरी गाडी रुसून बसलेली दिसते. चावी फिरवली की सेल्फ दोन जड गचके देतो, मग नुसती टकटक ऐकू येते आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत विझतात. मालक बॅटरीवाल्याला फोन लावतो, तो तासाभरात स्कूटरवर नवी बॅटरी घेऊन येतो, जुनी घेऊन जातो आणि मालक थोडा उशिरा का होईना, कामावर पोहोचतो. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर यात गैर काहीच नाही, तिचे आयुष्यच सरलेले असते. परंतु हाच प्रकार त्याच गाडीत वर्षाच्या आत पुन्हा घडू लागला आणि दर वेळी उत्तर ‘नवी बॅटरी’ हेच मिळू लागले, तर निदान करायचे कुठेतरी राहून गेले आहे असे समजावे. मी एस.टी.च्या आगारात इलेक्ट्रिक विभागात बत्तीस वर्षे कारागीर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. या विषयात दोन गोष्टी अनुभवाने सांगता येतील असे वाटते, आणि त्यांतील एक माझ्या स्वतःच्याच चुकीची आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मोठी मुलगी बँकेत नोकरीला आहे. तिच्या छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण एक अँपिअर करंट ३५ तास पुरवू शकेल इतक्या क्षमतेची, बॅटरी बसते आणि घरापासून बँकेचे अंतर जेमतेम चार किलोमीटर आहे. गाडीबरोबर आलेली मूळ बॅटरी साडेतीन वर्षे चालली. दुसरी अकरा महिन्यांत बसली, ती हमीच्या काळात असल्यामुळे बदलून मिळाली. तिसरी सात महिन्यांतच कुरकुरू लागली. दुकानदाराने इंजिन चालू ठेवून मीटर लावले, १४ व्होल्ट दाखवले आणि सांगितले, ‘मॅडम, चार्जिंग ओके आहे, तुमचे रनिंग कमी पडते.’ तिने मला विचारले तेव्हा मीही खुर्चीतून न उठता तेच सांगितले की, बेटा, रविवारी वर्धा रोडने तासभर फिरवून आणत जा. तिने फिरवली. सोमवारी गाडी सुरू होऊ लागली, दुकानदार आणि मी दोघेही शहाणे ठरलो. मग दिवाळीत ती चार दिवस रेल्वेने पुण्याला सासरी गेली, आणि परत येऊन पाहते तो गाडी सुरू होणे दूरच, रिमोटने दारसुद्धा उघडेना. ‘बाबा, चार दिवस नुसती उभी राहिलेली गाडी इतकी कशी उतरते?’ हा तिचा प्रश्न मी दोन महिन्यांपूर्वीच स्वतःला विचारायला हवा होता.

मी मीटर घेऊन खाली उतरलो. बॅटरीवर ११.१ व्होल्ट होते. येथे एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणून ती भरलेली आहे असे होत नाही. तिच्यात सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेल्या एका सेलचा दाब साधारण २.१ व्होल्ट असतो, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ किंवा त्याहून किंचित अधिक दाखवते. साधारण हिशेबाने १२.४ ला ती पाऊणभर, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव आणि ११.९ च्या खाली रिकामी धरावी. सगळा खेळ असा पाऊण व्होल्टात चालतो, म्हणून काट्याचे मीटर येथे कामाचे नाही, आकडे दाखवणारे साधे डिजिटल मीटर घ्यावे. मोजायचे तेही गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. नुकत्याच चालून आलेल्या गाडीच्या बॅटरीत प्लेटींवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगलेला दिसतो; घाईच असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत, थोडे थांबावे आणि मग मोजावे. बॅटरीच्या झाकणावर हिरवा ठिपका दाखवणारा जो डोळा असतो, त्यावरही फार विसंबू नये, कारण तो सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो आणि उरलेल्या पाच सेलांची खबर त्याला नसते. रात्रभर चार्ज करूनही मीटर १०.५ च्या आसपास अडकून राहिले तर मात्र एक सेल मेला आहे हे उघड आहे, अशा बॅटरीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

उतरलेल्या बॅटरीची परीक्षा घेऊ नये, ही आगारात आम्हाला पहिल्या महिन्यात मिळालेली शिकवण. उपाशी माणसाला वजन उचलायला लावून तो अशक्त आहे असा शेरा मारण्यासारखे ते आहे. आता दुकानांत हातात धरायची छोटी यंत्रे आली आहेत, ती चिठ्ठीही छापून देतात. त्यांतील अनेक यंत्रे अशा बॅटरीबद्दल ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असा निर्णय देतात, पण गिऱ्हाईक घाईत असते आणि दुकानदारही, त्यामुळे ‘पुन्हा तपासा’ हा भाग कोणी करीत नाही. मी बॅटरी घरात आणली, क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे साडेतीन अँपिअरने रात्रभर चार्ज केली, मग तारा काढून पूर्ण दिवस तशीच ठेवली. संध्याकाळी १२.६ व्होल्ट. पुन्हा गाडीत बसवली, मीटर बॅटरीवर ठेवून मुलीला सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ फिरत असताना आकडा १०.४ च्या खाली गेला नाही. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरणारी बॅटरी संशयित मानतात. म्हणजे ज्या बॅटरीला सगळे दोष देत होते, ती अजून तरी धडधाकट होती.

मग ‘रनिंग कमी’ या निदानाचा हिशेब मांडला, आणि तो आधीच का मांडला नाही याची लाज वाटली. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो हे ऐकून माणूस दबकतो, पण तो ओढतो दोन सेकंद. दीडशे गुणिले दोन म्हणजे तीनशे अँपिअर-सेकंद. तासात मांडले तर एक अँपिअर-तासाचा जेमतेम बारावा हिस्सा. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन वेळा सेल्फ मारला तरी ३५ पैकी पाव अँपिअर-तासदेखील खर्ची पडत नाही, आणि एवढे भरून काढायला धावत्या गाडीला काही मिनिटे पुरतात. त्यात गाडी झोपलेली असताना घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर यांच्यासाठी लागणारा वीस-पंचवीस मिलिअँपिअरचा नित्याचा खर्च मिळवला, तरी दिवसाला अर्धा-पाऊण अँपिअर-तासावर हिशेब जात नाही. कमी अंतराच्या फेऱ्यांनी बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही आणि पावसाळ्यात वायपर, पंखा व दिवे लावून सिग्नलला रेंगाळणाऱ्या गाडीत तर अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, कमाई आणि खर्च यांची जेमतेम तोंडमिळवणी होते, हे मला मान्य आहे. अशा बॅटरीचे आयुष्य घटते. पण निरोगी गाडीतली निरोगी बॅटरी चार दिवसांत दारही उघडू नये इतकी रिकामी होणे, हे कमी रनिंगने होत नाही. ३५ अँपिअर-तास ९६ तासांत संपायचे तर सतत साडेतीनशेच्या आसपास मिलिअँपिअर कोणीतरी खात असले पाहिजे. मीटर लावण्यापूर्वीच चोराची उंची कागदावर मिळाली होती.

आता चोर पकडण्याची रीत सांगतो. जुन्या गाड्यांत आम्ही बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये साधा टेस्ट लॅम्प धरत असू. तो पेटला की काहीतरी चालू आहे हे कळे. आताच्या गाड्यांत चाव्या काढल्यावरही कॉम्प्युटर काही काळ जागे असतात, त्यामुळे लॅम्प पेटणारच आणि त्यावरून काही सिद्ध होणार नाही. म्हणून मीटरची तांबडी वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर त्या जागी मालिकेत, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असे, जोडायचे आणि थांबायचे. बॉनेट उघडे असते, तेव्हा त्याचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करायचे, म्हणजे बॉनेट लागले असे गाडीला वाटते. दारे लॉक करायची. मग अर्धा तास, काही गाड्यांत तासभर, गाडीला हात लावायचा नाही. मीटर जोडलेले असताना सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. अँपिअरवर लावलेले मीटर थेट बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावणे तर त्याहून वाईट, कारण तो सरळ शॉर्ट सर्किट असतो.

मी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिलो. सुरुवातीला अडीच अँपिअर दिसले, ते उतरत एकावर आले, मग तेथेच खालीवर नाचत राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, आकडा झोपायला तयार नव्हता. मी मनातल्या मनात कॉम्प्युटर बिघडल्याचा निकाल देऊन टाकला होता. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, ‘बाबा, चावी तुमच्याच खिशात आहे ना?’ बटणाने सुरू होणाऱ्या या गाड्यांची चावी जवळ असली की गाडी मालकाची चाहूल घेत जागी राहते, हे मी दहा जणांना सांगितलेले आहे. चावी वर पाठवली. चहा संपेपर्यंत आकडा घसरला आणि ०.३४ अँपिअरवर, म्हणजे ३४० मिलिअँपिअरवर, येऊन थांबला. कागदावरचा हिशेब आणि मीटर एकमेकांशी बोलू लागले होते. निरोगी गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असायला हवा.

यानंतर फ्यूज एकेक करून काढायचे आणि ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेने चोर शोधायचा. फ्यूज उपसताना-बसवताना एखादा कॉम्प्युटर पुन्हा जागा होतो, म्हणून फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजण्याची रीत अधिक सोयीची; ज्या फ्यूजमधून करंट वाहतो त्यावर थोडेसे का होईना मिलिव्होल्ट दिसतात. माझा पहिला संशय नंतर बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमवर होता. अशा सिस्टिमला एक पिवळी वायर असते, ती घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवण्यासाठी कायम चालू राहते, आणि एक लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होते. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही कायमच्या पॉझिटिव्हला जोडल्या की गाणे बंद असले तरी आतले यंत्र रात्रभर जागते. दुसरा संशय काचेवरच्या कॅमेऱ्यावर आणि तिसरा डिकीच्या दिव्यावर. या दिव्यासाठी सोपी युक्ती अशी की, मोबाइलवर चित्रीकरण चालू करून तो डिकीत ठेवावा, डिकी बंद करावी आणि नंतर दिवा विझला की नाही ते पाहावे. पाच वॅटचा तो दिवा चार दशांश अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. आमच्या डिकीतला दिवा विझत होता. कॅमेरा निर्दोष, म्युझिक निर्दोष. आतली फ्यूजपेटी संपली, बॉनेटखालची संपली, आणि आकडा ०.३४ वरून जरासुद्धा हलला नाही.

अंधार पडला होता, मी निगेटिव्ह केबल पुन्हा जोडून तसाच वर गेलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर आगारातले एक जुने गाडीवाले आठवले. सकाळच्या पहिल्या फेरीपूर्वी ते गाडीच्या थंडगार इंजिनवर हात फिरवून शेवटी डायनमोवर, ज्याची जागा आता अल्टरनेटरने घेतली आहे, तळहात ठेवून क्षणभर थांबत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी खाली उतरलो. हवेत चांगलाच गारवा होता, बॉनेटवर दव होते आणि इंजिनचे लोखंड हाताला बोचत होते. अल्टरनेटरची पुढची बाजू तशीच थंड होती. मागच्या झाकणावर, जेथे डायोड बसवलेले असतात, तेथे हात ठेवला. कोमट म्हणावे इतके ते नव्हते, पण थंड नक्कीच नव्हते. रात्रभर बंद असलेल्या यंत्राने ऊब धरण्याचे काहीच कारण नसते.

अल्टरनेटरमधून बॅटरीकडे जाणारी जाड केबल बहुतेक गाड्यांत थेट जाते, किंवा मोठ्या फ्यूजच्या पट्टीतून जाते. ती पट्टी नट-बोल्टने आवळलेली असते, इतर फ्यूजसारखी उपसून पाहिली जात नाही. म्हणून सगळे फ्यूज काढूनही चोर घरातच राहतो. डायोड हा करंटसाठी एकेरी रस्ता आहे. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाऊ द्यायचे, उलट येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. तो गळका झाला की गाडी उभी असताना बॅटरीतला करंट अल्टरनेटरच्या वेटोळ्यांतून मागे पाझरतो. इंजिन चालू असताना तोच अल्टरनेटर १४ व्होल्ट बिनदिक्कत देतो, त्यामुळे ‘चार्जिंग ओके’ हा दुकानदाराचा शेरा खोटा नव्हता. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तर होते, प्रश्नच अर्धा होता. मी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली, अल्टरनेटरवरची जाड केबल काढून तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळले, मीटर पुन्हा मालिकेत जोडले आणि चावी वर ठेवून वाट पाहिली. आकडा आला ०.०२. पडताळा म्हणून सगळे पूर्ववत जोडून इंजिन चालू केले आणि मीटर ए.सी. व्होल्टवर लावून बॅटरीवर धरले. चांगल्या अल्टरनेटरमागे तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दिसायला हवा, तो पाऊण व्होल्टाच्या वर होता. डायोडची पट्टी बदलून मिळाली, मजुरीसह अठराशे रुपये लागले. तोपर्यंत एका निरपराध बॅटरीची बदली झालेली होती आणि दुसरीची होऊ घातली होती.

निरपराध म्हटले खरे, पण अशा जाचात ती फार काळ निरोगी राहत नाही, हेही नमूद केले पाहिजे. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी नसते. क्षणभर प्रचंड करंट द्यावा आणि लगेच भरून घ्यावा, यासाठी तिच्या प्लेटी पातळ आणि पुष्कळ केलेल्या असतात. तिला दर आठवड्याला निम्म्याहून खाली उतरवले आणि तशीच ठेवली की प्लेटींवरचे शिशाचे सल्फेट कडक होत जाते आणि पुढे चार्जिंगनेही विरघळत नाही. वर्षभराने दुकानदार ती तपासतो तेव्हा ती खरोखरच निकामी निघते, नवी बसते, आणि चोर नव्या बॅटरीवर कामाला लागतो. आमच्याकडचा उन्हाळा यात आणखी भर घालतो. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. उष्णतेने प्लेटींची झीज आणि पाण्याची वाफ दोन्ही वाढतात. बॅटरीला दुखणे मे महिन्यात जडते आणि ती अंथरूण धरते डिसेंबरात, कारण थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीचा जोर मात्र कमी झालेला असतो. म्हणून लोक थंडीला दोष देतात.

झाकणाची बुचे उघडता येतात अशी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर हे मीटरपेक्षाही बोलके साधन आहे. सहाही सेलांतल्या ॲसिडची घनता मोजावी. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे पडलेला दिसला तर दोष बॅटरीतच आहे. पाणी डिस्टिल्डच घालावे, ॲसिड कधीही घालू नये. टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा साचला असेल तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा पुरतो, वर थोडे व्हॅसलीन लावावे. सैल टर्मिनल आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी यांनी बॅटरी उतरल्याचा हुबेहूब देखावा उभा राहतो, हे एस.टी.त इतक्या वेळा पाहिले आहे की मी आजही आधी पाना फिरवतो आणि मग मीटर काढतो.

एक धोक्याची सूचना मात्र द्यावीशी वाटते, कारण अजूनही रस्त्याकडेला हा प्रयोग दिसतो. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढायची, इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर चांगला, असा तो प्रयोग. जुन्या डायनमोच्या गाड्यांत तो खपून जात असे. आता बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो आणि त्याच गाडीतल्या हजारो रुपयांच्या कॉम्प्युटरवर जाऊन आदळतो. तसेच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घेण्यासाठी जंपर केबल लावताना शेवटची निगेटिव्ह चिमटी उतरलेल्या बॅटरीच्या खुंटीला न लावता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी ही पडतेच.

यावर माझी मागणी साधी आहे. हमीच्या काळात बॅटरी बदलून देताना किंवा नवी विकताना विक्रेत्याने बिलावर तीन आकडे लिहून द्यावेत: गाडी उभी असतानाचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट आणि गाडी झोपल्यावरचा करंट. पहिले दोन आकडे पाच मिनिटांचे काम आहे. तिसऱ्याला तासभर लागतो, आणि रांगेत चार गिऱ्हाइके उभी असताना दुकानातल्या पोराला तो तास देता येत नाही, हे मी समजू शकतो. त्यासाठी वेगळे दोनशे-तीनशे रुपये आकारावेत, मी आनंदाने देईन. मिलिअँपिअर मोजणारे डी.सी. क्लॅम्प मीटर घेतले तर केबल काढण्याचाही खटाटोप उरत नाही, तारेभोवती चिमटा लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता येते. निदान एकाच गाडीत दोन वर्षांत दुसऱ्यांदा बॅटरी जात असेल तेव्हा तरी तिसरा आकडा सक्तीचा असावा. बॅटरी बनवणाऱ्यांनाही यात तोटा नाही, कारण चुकीच्या निदानाने हमीत फुकट गेलेली प्रत्येक बॅटरी त्यांच्याच खिशातून जाते. शिवाय तिच्यात शिसे आहे आणि ॲसिड आहे. जुनी बॅटरी गोळा करून तिची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे, पण जी बॅटरी आणखी तीन वर्षे चालली असती ती मुळात भट्टीकडे जाऊच नये, याची सोय नियमांत नाही, ती मीटरमध्येच आहे. ग्राहकानेही हमीचे कार्ड, बिल आणि यंत्राची चिठ्ठी जपून ठेवावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या वाचकांत असे अनेक ज्येष्ठ नागरिक असतील, जे मुलांकडे अमेरिकेला किंवा बंगळूरला जाऊन पाच-सहा महिने राहतात आणि गाडी खाली झाकून ठेवतात. त्यांनी आपल्या गाडीत बिघाड आहे असे समजून घाबरू नये. वीस मिलिअँपिअरचा नित्याचा खर्चही महिन्याला चौदा अँपिअर-तास होतो, तेव्हा निरोगी गाडीचीही ३५ ची बॅटरी अडीच महिन्यांत रिकामी होणारच. जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. परत आल्यावर घड्याळ लावावे लागेल आणि काही गाड्यांत खिडक्यांच्या काचांना त्यांची जागा पुन्हा शिकवावी लागेल, इतकीच काय ती किंमत. शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा ‘दहा मिनिटे जागेवर चालू करून बंद कर’ असे सांगून जाण्यापेक्षा हे बरे, कारण जागेवरच्या दहा मिनिटांत पंखा आणि दिवे लावलेले असले तर पदरात फारसे काही पडत नाही.

शेवटी आपणास एक विनंती. आपल्या वाहनविषयक पानावर गाड्यांचे पडदे, छपराच्या काचा आणि मायलेज यांची माहिती नियमित येते. त्याच पानावर थंडीच्या सुरुवातीला एक छोटी चौकट छापावी आणि तीत वर दिलेले व्होल्टचे आकडे द्यावेत. लोक ती कापून गाडीच्या कप्प्यात ठेवतील. मात्र छापताना दशांश चिन्हानंतरचा आकडा गाळला जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण १२.६ आणि १२.० हे दोन्ही नुसते ‘१२’ छापले गेले, तर भरलेली आणि पाव उरलेली बॅटरी वाचकाला एकच वाटेल.

आपला विश्वासू,
एस.टी.चा एक निवृत्त कारागीर, नागपूर